शिगेरु काकुनी करतो

नागासाकी, २६ मे

मिसुझू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार असशील तर खुशाल फाड, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. डुकराच्या पोटाकडचं मांस मऊ व्हावं म्हणून तू काय करायचीस?

हसू नकोस. तुझा नवरा, म्हणजे माझा मुलगा, आता तो तुझा कोणी नाही, दोघांनी घटस्फोटाच्या कागदावर शिक्के उमटवून वर्ष उलटून गेलं, तर हा माझा मुलगा दर रविवारी स्वयंपाकघरात उभा राहून तुझी ती डुकराच्या मांसाची काकुनी करतोय. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा. चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते ते ज्याला आजपर्यंत ठाऊक नव्हतं, तो आता पट्टी लावून मांसाचे चौकोन कापतो. खरोखरची पट्टी, शाळेतली.

पहिल्या रविवारी जे ताटात आलं ते ट्रामच्या सीटचं कातडं होतं. वीस वर्षं ट्राम चालवतोय, म्हटलं एखादी सीट काढून आणली की काय. माझी खालची कवळी त्यात अडकून बाहेर आली. दुसऱ्या रविवारी रस आटून खाली लागलं आणि तुझं ते जाड बुडाचं पातेलं काळं ठिक्कर पडलं. तू ते का ठेवून गेलीस? घेऊन गेली असतीस तर ही अवदसा त्याला आठवलीच नसती.

तू म्हणशील, तुम्ही पक्क्या नागासाकीच्या, तुम्हाला काकुनी येत नाही? नाही येत. मी मासेवाल्याची मुलगी. मासा पटकन शिजतो, माणूस खातो आणि मोकळा होतो. काकुनी आमच्याकडे दुकानातून यायची, नाहीतर कोणाच्या लग्नात ताटात पडायची. ती घरात चुलीवर आणलीस ती तू, तिकडे उत्तरेच्या सेंदाईची असून. आता तूच निस्तर.

का करतोस रे हे, असं विचारलं तर म्हणाला, "खावंसं वाटलं." झालं. त्याच्या तोंडून दोन शब्द बाहेर पडले की दिवसाचं काम संपलं असं तो समजतो, हे तुला मी काय सांगावं.

फोन करू नकोस. मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकते. दोन ओळी लिही.

तुझ्या वडिलांचा डावा हात आता हलतो का?

किकुए


नागासाकी, १८ जून

मिसुझू,

पोस्टकार्ड मिळालं. "किकुएबाई यांस." कोण गं ही किकुएबाई? सतरा वर्षं आई म्हणत होतीस. म्हणू नकोस हवं तर, पण मग नुसतं "यांस" लिही. मी ते कार्ड हातात धरून क्षणभर शेजारच्या उराकावाबाईंचं टपाल आपल्याकडे आलं की काय म्हणून पाहत राहिले.

असो. तुझं म्हणणं असं की आधी मांस साध्या पाण्यात भरपूर वेळ उकळायचं, त्या पाण्यात टोफूचा चोथा घालायचा म्हणजे चरबी तो ओढून घेतो. मग गार करून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी साके आणि साखर, आणि सोया सॉस अगदी शेवटी, नाहीतर मांस आखडतं. माझा मुलगा नेमका उलटा चालला होता. सोया सॉस पहिल्यांदा, तोही अर्धी बाटली.

हे तुझ्याकडून कळलं असं मी त्याला सांगितलं नाही. टोफूवालीने सांगितलं म्हणून ठोकून दिलं. त्यावर हा महाशय तिच्याकडे जाऊन एवढा चोथा घेऊन आला की गोठाभर गाईंना पुरला असता. सगळ्या जिन्यावर सांडत आला. आपल्या गल्लीत पायऱ्या किती ते तुला माहीत आहे, झाडू कोणी मारला तेही तुला कळलं असेल.

या वेळी मांस मऊ झालं. इतकं मऊ की काड्यांनी उचलायला गेला आणि त्याचा लगदाच झाला. पातेल्यासमोर उभा राहून बघत बसला. मी म्हटलं, भातावर ओत आणि खा, पोटात जाऊन लगदाच होणार आहे. तर वळून मला म्हणतो, "आई, यात काहीतरी कमी आहे. तुला काय वाटतं?"

मी चमचा खाली ठेवला. "तुला काय वाटतं" हे शिगेरुने मला जन्मात विचारलेलं नाही. त्याचे वडील गेले तेव्हा त्यांना कोणता किमोनो घालायचा हेसुद्धा विचारलं नव्हतं. आलं कमी आहे, असं काहीतरी बोलून गेले. आलं भरपूर होतं.

वडिलांबद्दल तू "आहेत तसेच" एवढंच लिहिलंस. तसेच म्हणजे कसे? तू आणि माझा मुलगा, दोघांचं जमलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. दोघंही एकाच दुकानातून शब्द मोजून आणता.

किकुए


नागासाकी, २९ जुलै

मिसुझू,

जीव नकोसा झालाय. बाहेर रातकिडे नाहीत, भर दुपारचे किडे किंचाळतायत, घामाने चटई अंगाला चिकटतेय आणि घरात दिवसभर चूल पेटलेली. पंखा मी स्वयंपाकघराकडे वळवला तर हा म्हणतो, "वळवू नकोस, आच हलते." आच हलते! आईला चक्कर आली तर चालेल, आच हलता कामा नये.

उराकावाबाई परवा दारात येऊन म्हणाल्या, "वास वर आमच्या गच्चीपर्यंत येतो हो, वाळत घातलेले कपडेसुद्धा काकुनीसारखे वास मारतात." तक्रार करायला आलेली बाई हातात रिकामा वाडगा घेऊन आली होती. भरून दिला. कोणीतरी खायला हवंच ना. माझ्या पोटात आता जागा नाही आणि डॉक्टरांनी रक्त तपासून डोळे वटारलेत.

आता अडलंय ते गोडीवर. तुकडे नीट राहतात, चरबी थरथरते, झाकणही तो आता तू ठेवायचीस तसं पातेल्याच्या आत रश्श्यावर बसवतो. पण खाल्लं की वाटतं मिठाई खातोय. इकडचा सोया सॉस मुळात गोड, त्यात याची साखर. मला आठवलं, तू सिंकखालच्या कपाटात तुमच्याकडच्या सोया सॉसची बाटली ठेवायचीस. तुझे वडील नवीन वर्षाला पाठवायचे. मी तेव्हा नाक मुरडायचे, खारट म्हणून. त्याचं नाव काय होतं ते लिही, इथल्या मोठ्या दुकानात मिळेल.

आणि एक लिहायचं होतं. कोणासाठी चाललंय हे मला कळत नाही असं नाही. परवा तो केस कापून आला. निळा शर्ट आणलाय, त्यावरचा कागद काढून तो आरशासमोर धरून पाहत होता. कामावरून येताना गुणगुणतो. माणूस असा बदलतो ते उगाच नाही. तू बारा महिने त्याच्या तोंडून एक वाक्य निघण्याची वाट पाहायचीस, जेवण गार व्हायचं, मी हे सगळं बघत होते गं. तुझे वडील आजारी पडले म्हणून तू गेलीस, आणि तिकडे गेल्यावर परत यावंसं वाटलं नाही, हे तू मला सरळ सांगितलंस, मला त्याचा राग नाही. पण आता तो बोलतो. पातेल्यासमोर का होईना, बोलतो.

ऑगस्टमध्ये पितरांचे दिवस आहेत. तुझ्या सासऱ्यांच्या थडग्यावर दिवे लावायला येऊन जा. एक दिवस. मी त्याला काही सांगणार नाही. थडग्यांपाशी वाजणाऱ्या फटाक्यांच्या आवाजात तुम्हाला बोलायलाही लागणार नाही.

किकुए


नागासाकी, ६ सप्टेंबर

मिसुझू,

तू आली नाहीस ते किती बरं झालं! हे वाक्य मी लिहीन असं महिन्यापूर्वी कोणी सांगितलं असतं तर त्याच्या अंगावर पाणी फेकलं असतं.

"मी येणार नाही. शिगेरुसाठी हे बरं नाही, माझ्यासाठीही नाही. बाटली पाठवते," असं तू लिहिलंस तेव्हा मी चिडून कार्ड खणात कोंबलं. काय ताठा, म्हटलं. आता ऐक.

काल उराकावाबाई भाजी घेऊन येता येता म्हणाल्या, "शिगेरु बंदरावर बोटीच्या तिकिटांच्या खिडकीपाशी बराच वेळ उभा असतो हो. कुठे बेटावर जायचंय का?" मी म्हटलं कुठे नाही. रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला.

"कोणासाठी करतोयस रे एवढी काकुनी?"

"हिसायोबाई येणार आहेत जेवायला. ऑक्टोबरमध्ये."

"कोण हिसायोबाई?"

"ट्राममध्ये छत्री विसरल्या होत्या."

"छत्री विसरली म्हणून जेवायला बोलावतात?"

"दोनदा विसरल्या."

मिसुझू, माझ्या हातातला भात ताटाबाहेर पडला. दोनदा विसरल्या म्हणे! आणि हे सांगताना कानापर्यंत लाल. मग एकेक करून सगळं काढलं त्याच्याकडून. काढलं कसलं, तो आपणहून सांगत सुटला. विधवा आहे, पन्नाशीची, मूळची गोतो बेटांवरची, बंदरावर तिकिटं देते. एकदा बोलता बोलता ती म्हणाली की तिची आई नवीन वर्षाला काकुनी करायची, आई गेल्यापासून तशी खाल्ली नाही. त्यावर या गाढवाने काय म्हणावं? "मी करतो घरी. बरी होते." आयुष्यात कधी अंडं उकडलं नाही आणि बढाई मारून आला! शिगेरु! ज्याने लग्नात पाहुण्यांसमोर दोन वाक्यं बोलायची तीसुद्धा तुझ्या भावाकडून बोलवून घेतली!

म्हणजे मे महिन्यापासून मी काय करत होते ते कळलं तुला? तुला विचारून विचारून त्या छत्रीवालीसाठी जेवण शिजवत होते. आणि वर तुला आशा लावत होते. तू आशेला लागली नाहीस हे तुझं शहाणपण, माझं नव्हे. मला ठाऊक असतं तर एक अक्षर विचारलं नसतं. ठाऊक नव्हतं, एवढंच लिहिण्यासाठी आज बसले. तुझ्यापासून लपवलं असतं तर तुला कधीच कळलं नसतं, पण मग तुला पत्र लिहिताना माझा हात अडखळत राहिला असता.

बाटली पाठवू नकोस. गोडच खाऊ दे तिला. दात पडतील.

किकुए


नागासाकी, २२ ऑक्टोबर

मिसुझू,

पाठवू नकोस म्हटलं तरी बाटली पाठवलीस. वर्तमानपत्राचे पाच थर, त्यात टॉवेल, त्यात बाटली आणि चिठ्ठी, "थोडीच वापरा." बाकी एक शब्द नाही. मी ती फळीवर मागे ढकलून ठेवली होती. शिगेरुने पाहिली, हातात घेतली, पुढे आणून ठेवली.

रविवारी छत्रीवाली आली. पाऊस नव्हता तरी छत्री होती हातात. मी दारातच पाहून ठेवली, म्हटलं तिसऱ्यांदा विसरलीस तर खालच्या खाडीत फेकते. बुटकी आहे, हसताना तोंडावर हात धरत नाही, आवाज मोठा. मला आवडली नाही. आवाज मोठा असल्यामुळे तिचं सगळं ऐकू येतं, तेवढं एक.

काकुनी त्याने वाढली. बाजूला पालक, अर्धं अंडं, कडेला मोहरीची चटणी, अगदी तुझ्यासारखी. तुकडा काडीने सहज तुटला पण मोडला नाही. तिने खाल्ला. आम्ही दोघं मायलेक तिच्या जबड्याकडे बघत होतो, लाज वाटावी असं.

"माझ्या आईची अशी नव्हती," ती म्हणाली.

शिगेरुचा चेहरा पातेल्यात पडला.

"ही जास्त चांगली आहे. आईची फार गोड असायची. पण ती मेल्यावर तसं म्हणवत नव्हतं मला."

आता इथे साध्या माणसाने "धन्यवाद" म्हणून गप्प बसावं की नाही? इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस, नेमकं आताच तोंड उघडतो. "ही मिसुझूची रीत आहे," म्हणाला. "माझी आधीची बायको. आईने तिला पत्रं लिहून विचारून घेतली. हा सॉसही तिनेच पाठवलाय."

माझ्या घशात मोहरी गेली. डोळ्यांतून पाणी. म्हणजे याला सगळं माहीत होतं! टोफूवालीकडे चोथा आणायला गेला तेव्हाच तिने त्याला सांगितलं होतं म्हणे की मी त्या दिवशी तिच्या दुकानात गेलेच नव्हते. आणि हा पठ्ठ्या महिनोन्‌महिने मला खोटं बोलू देत होता. मी खोकत होते तर पाठीवर थापटायला कोण आली? ती. हात जड आहे बाईचा.

तिने काड्या खाली ठेवल्या. मला वाटलं उठणार आता. तर म्हणते, "मग चांगली झालीय हे त्यांना कळवायला हवं. मी कळवलेलं बरं दिसणार नाही. तुम्ही लिहाल का?" मी हो म्हटलं. म्हणून हे लिहिलं. चांगली झाली होती.

पुढचं लिहू की नको असा विचार करत मी दोनदा चहा केला. लिहिते. ती गेल्यावर शिगेरु भांडी विसळत होता. मी विचारलं, तुला काय गरज होती मिसुझूचं नाव काढायची? तो म्हणाला, "मिसुझू गेली तेव्हा मी काहीच बोललो नाही. स्टेशनवर तिची बॅग उचलून दिली आणि बॅग जड आहे एवढंच म्हणालो. मला सुचत नाही असं नव्हतं आई. आत सगळं असायचं. बाहेर येईपर्यंत समोरचं माणूस उठून गेलेलं असायचं. आता असं होऊ द्यायचं नाही."

माझ्या हातातलं चहाचं भांडं मी इतक्या जोरात आपटलं की तोटीचा टवका उडाला. तुझ्या वेळी हे तोंड कुठे गेलं होतं? सतरा वर्षं तू समोर बसलीस, त्यातलं एक वाक्य तुला मिळालं नाही, आणि ही बाई दोन छत्र्या विसरते आणि तिला सगळं मिळतं. यात कोणाचा दोष नाही असं म्हणायला मी काही साधू नाही. मला राग आलाय. त्याचा आलाय, तिचा आलाय, आणि तू तिकडे शांतपणे बाटल्या बांधून पाठवतेस त्याचाही आलाय.

वडील कसे आहेत? "तसेच" लिहायचं असेल तर लिहूच नकोस.

किकुए


नागासाकी, ३ डिसेंबर

मिसुझू,

तुला अक्कल आहे का?

पत्राला उत्तर नाही, दुसऱ्या कार्डाला उत्तर नाही, तेव्हा आज मी फोन केला. कानाला यंत्र लावून, मोठ्याने. नेमकी तुझी वहिनी आलेली होती, तिने उचलला. मी म्हटलं, मिसुझूचे वडील कसे आहेत? ती म्हणाली, "अहो, ते गेले ना. सप्टेंबरच्या शेवटी. तुम्हाला कळवलं नाही का तिने?" मला वाटलं चुकीचं ऐकलं. तिला दोनदा बोलायला लावलं. बिचारीला तेच तेच ओरडून सांगावं लागलं.

सप्टेंबरच्या शेवटी! म्हणजे बाटली आली त्याआधी. बाप जाळून आल्यावर तू वर्तमानपत्रात बाटली गुंडाळत बसली होतीस? आणि "थोडीच वापरा" लिहीत होतीस? त्या चिठ्ठीत आणखी एक ओळ बसली नसती का? मी इकडे पानंच्या पानं डुकराच्या मांसावर लिहितेय, चरबी थरथरते आणि रस्सा गोड होतो, आणि त्या छत्रीवालीचं कौतुक करतेय, आणि तू ते वाचतेयस, घरात एकटी, समोर बापाचा फोटो. मला कसं वाटलं असेल याचा काही विचार? वहिनी म्हणाली, "ती कोणाशी बोलत नाही, आम्ही आठवड्यातून एकदा येतो, जेवते की नाही कळत नाही."

तू म्हणशील, आता तुमचं आमचं काय नातं, मी का कळवू. असं म्हणणार असशील तर माझ्या पत्रांना उत्तरं द्यायची नव्हतीस. पहिलंच फाडायचं होतंस, मी सांगितलं होतं.

शिगेरुला सांगितलं तेव्हा तो पातेलं घासत होता. हात तसेच फेसात. म्हणाला, "मिसुझूच्या बाबांनी मला नदीवर गळ टाकायला शिकवलं होतं. आम्ही दिवसभर बसायचो. ते काही बोलायचे नाहीत, मीही नाही. फार बरं वाटायचं." एवढ्या वर्षांत मला याचा पत्ता नव्हता. मग म्हणाला, "मी फोन करू का तिला?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी काय टेलिफोनची ऑपरेटर आहे? गच्चीवर गेला. तू उचलला नाहीस, तेव्हा त्याने तुझ्या फोनवरच निरोप ठेवला. बराच वेळ बोलत होता. मी दाराआड उभी होते. यंत्र काढून ठेवलं होतं, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. काढून ठेवलं होतं म्हणजे, आधीच काढलं होतं, मुद्दाम नव्हे.

मी येतेय. बुधवारी निघते. चार गाड्या बदलायच्या आहेत, शिगेरुने प्रत्येक फलाटाचं नाव कागदावर लिहून दिलंय आणि हिसायोने ते माझ्या कोटाच्या आत शिवलंय, जसं काही मी पार्सल आहे. नको म्हणून कळवायचं असेल तर ते मला मिळेपर्यंत मी गाडीत असेन. तुमच्याकडे थंडी असते म्हणे. माझ्या गुडघ्यांना ती सोसत नाही. तरी येतेय. स्टेशनवर येऊ नकोस, जेवून घे.

किकुए


सेंदाई, १९ डिसेंबर

शिगेरु,

पोचले. फोनवर तुला "हो हो" म्हणाले तेव्हा तू काय विचारत होतास ते मला कळलं नव्हतं, म्हणून आता लिहिते.

तुझा फलाटांचा कागद टोकियोला काही कामाचा नव्हता, कारण तो कोटाच्या आत शिवलेला होता आणि कोट काढल्याशिवाय वाचता येत नव्हता. हिसायोला सांग. एका पोलिसासमोर कोट काढून उलटा करून दाखवावा लागला.

मिसुझू स्टेशनवर आली होती. येऊ नकोस म्हटलं तरी ऐकायचं नाही, ही तिची जुनीच खोड. हडकुळी झालीय. मला बघून नीट वाकून नमस्कार केला, बॅग घेतली, आणि घरी येईपर्यंत काही बोलली नाही. मीही बोलले नाही. माझ्याच्याने ते कसं झालं मला ठाऊक नाही.

घरी आल्यावर मी फ्रिज उघडला. आत एक लोणच्याची बरणी, अर्धा मुळा आणि अंड्यांचा रिकामा खोका. रिकामा खोका फ्रिजमध्ये कशाला ठेवतात, मी विचारलं. हा काय संसार झाला? माणूस काय खातं इथे, गारवा? मी चांगलंच फैलावर घेतलं तिला, कोटही काढला नव्हता अजून. ती फ्रिजच्या दाराला धरून ऐकत होती. मग एकदम खाली बसली आणि रडायला लागली. बापाच्या अंत्यविधीला डोळ्यांत पाणी नव्हतं असं वहिनी म्हणाली होती. रिकाम्या खोक्यावर रडली. मी म्हटलं दार लाव, वीज जळतेय. दार मीच लावलं आणि तिच्याजवळ खाली बसले. गुडघे असे आहेत की बसल्यावर उठता येईना. मग तिलाच मला उठवावं लागलं, आणि त्यात तिचं रडणं थांबलं.

तू पाठवलेला डबा गाडीत उलटला. रस्सा माझ्या पिशवीत, पायमोज्यांवर. तुकडे मात्र शाबूत होते. तिने गरम करून खाल्ले, भातावर, सगळे. मला एकसुद्धा विचारला नाही. खाऊन झाल्यावर म्हणाली, "आच थोडी मोठी ठेवतो तो." बाकी ठीक आहे म्हणाली.

तुझा निरोप तिने ऐकलाय. दोनदा ऐकला म्हणाली. काल रात्री मला विचारते, "तिसऱ्यांदा ऐकू का?" मी म्हटलं, तुझा फोन, तुझा कान. ती शेजारच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "एवढं बोलता येत होतं त्याला." हसली, आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तू काय बोललास ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारणार होते, पण तिचा चेहरा पाहून चहा ठेवायला उठले. तू लिहून कळवलंस तर वाचीन, नाही कळवलंस तरी चालेल.

तुझ्यासाठी तिचा एकच निरोप आहे. लग्न कर म्हणाली. तिच्यासाठी थांबला असशील तर थांबू नकोस, आणि नसशील थांबला तर उत्तमच. हे सांगताना तिचा आवाज साधा होता, मी यंत्र लावून ऐकलंय. माझ्यासाठीही थांबू नका. मी थंडी संपेपर्यंत इथे राहणार आहे. हिसायोला माझी खोली आवरू दे, पण फळीवरचे डबे हलवायचे नाहीत.

आज सकाळी समोरच्या बाई कचरा टाकायला आल्या आणि मला बघून मिसुझूला म्हणाल्या, "पाहुण्या आल्यात वाटतं? कोण या?" मी मिसुझूकडे बघत होते, काय सांगते म्हणून. सासू म्हणावी तर नाही, आई म्हणावी तर नाही, आणि खरं सगळं सांगायचं तर बाईंचा कचरा दुपारपर्यंत हातातच राहिला असता. शेवटी म्हणाली, "या इथे राहायला आल्यात." बाई बरं म्हणाल्या. मलाही ते बरं वाटलं.

बर्फ पडतोय. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट काढायला हवी, आणि फावडं सापडत नाही म्हणून ती बाहेरून हाका मारतेय, तुम्ही कुठे ठेवलंत म्हणून. मी कशाला ठेवीन? मी आल्यापासून त्याला हात लावलेला नाही. लावला होता, काल एकदा, पण जागेवर ठेवलं होतं. या घरात कोणाला काही म्हणून सापडत नाही. थांब, बघून येते.

आई